होम थिएटरचे स्पीकर बदलायच्या आधी: डायलॉग दबतात, बास घुमतो, गाणी पोकळ लागतात, तर काय काय तपासायचं

ओळखीतल्यांची होम थिएटर जोडून देणं आणि कुरकुर सुरू झाली की जाऊन बघणं हे मी बरीच वर्षं करतोय, आणि जवळपास प्रत्येक फोन सारखाच असतो, आवाजात मजा नाही राहिली, स्पीकर अपग्रेड करायचेत, बजेट इतकं आहे, कुठले घेऊ? माझं म्हणणं ठरलेलं आहे, आधी दुखणं कुठे आहे ते शोधू, मग पैसे काढा. आवाज खराब लागायचं कारण सोर्समध्ये (आवाज जिथून येतो तो टीव्ही, ॲप) असतं, सेटिंगमध्ये असतं, वायरमध्ये असतं, खोलीत असतं आणि सगळ्यात शेवटी स्पीकरमध्ये असतं. यातली पहिली चार कारणं नवीन स्पीकर आणून जात नाहीत, उलट नवे स्पीकर चांगले असतील तर ती जास्त उघडी पडतात. म्हणून खाली लिहिलंय त्याच क्रमाने जा, पहिल्या पायऱ्या फुकटातल्या आहेत.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं ते आधी ओळखा, एकापेक्षा जास्तही असू शकतात.

- पिक्चरमधले डायलॉग ऐकायला आवाज वाढवायचा आणि मारामारी किंवा गाणं आलं की धावत जाऊन कमी करायचा. घरातल्या वयस्कर माणसांना याचा सगळ्यात जास्त त्रास होतो.
- बास एकाच सुरात घुमतो, तबल्याचा डग्गा आणि बॉम्बस्फोट दोन्ही सारखेच "भूम" लागतात. किंवा याच्या उलट, सबवूफर (फक्त बाससाठीचा वेगळा स्पीकर) चालू आहे पण बास गायब.
- गाणी पातळ, पोकळ लागतात, गायकाचा आवाज समोरून मधून न येता सगळीकडे पसरल्यासारखा येतो.
- मागचे स्पीकर वाजतच नाहीत, किंवा सगळ्या स्पीकरमधून एकच आवाज येतो.
- एका बाजूचा आवाज दबका किंवा खरखरीत.
- आवाज वाढवला की रिसीव्हर (सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो ॲम्प्लिफायरचा डबा) आपोआप बंद होतो. हे असेल तर खाली वायरची आणि शेवटी थांबायची पायरी आधी वाचा.

पहिलं, सोर्स आणि टीव्हीचं सेटिंग (खर्च शून्य)

मागचे स्पीकर वाजत नाहीत अशी तक्रार आली की मी स्पीकरला हातच लावत नाही, आधी टीव्हीचा रिमोट मागतो. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट "पीसीएम" वर असेल आणि रिसीव्हर साध्या एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने रिसीव्हरकडे पाठवायची सोय) किंवा ऑप्टिकल केबलने जोडलेला असेल तर पुढे फक्त दोन चॅनेल जातात, तुम्ही पाच स्पीकर लावा नाहीतर अकरा. ते "बिटस्ट्रीम", "पासथ्रू" किंवा "ऑटो" करा, म्हणजे आवाज आहे तसा रिसीव्हरकडे जातो. मग ओटीटी ॲपमध्ये जाऊन ऑडिओ ट्रॅक बघा, बऱ्याचदा मूळ भाषेचा ट्रॅक ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांच्यासाठी) असतो आणि डब केलेला फक्त स्टिरिओ, तिथे तुमच्या सिस्टीमचा काहीच दोष नाही. ऑप्टिकल केबलबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, त्यातून साधं डॉल्बी डिजिटल ५.१ जातं, डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही, आणि ओटीटीवर तर बहुतेक तेच असतं. टीव्हीने ते बदलून साधं करून पाठवलं तर ठीक, नाहीतर स्टिरिओच. त्यामुळे टीव्हीला एचडीएमआयचं एआरसी किंवा ईएआरसी पोर्ट असेल तर ऑप्टिकल काढा आणि तेच वापरा.

रिसीव्हरच्या समोरच्या पट्टीवर काय लिहून येतंय ते वाचायची सवय लावा. डॉल्बी डिजिटल, डॉल्बी ॲटमॉस, पीसीएम असं काहीतरी येतं आणि आत काय शिरतंय ते तिथेच कळतं.

आता डायलॉगवाल्यांसाठी. सिनेमाचा आवाज थिएटरसाठी मिक्स केलेला असतो, कुजबुज आणि स्फोट यांच्यात अंतर खूप मोठं ठेवलेलं असतं, आणि आपण फ्लॅटमध्ये रात्री साडेदहाला शेजाऱ्यांना सांभाळून ऐकणार तर कुजबुज खाली बुडणारच. रिसीव्हरमध्ये यासाठी नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज कम्प्रेशन म्हणून ऑप्शन असतो, तो चालू करा आणि सेंटर चॅनेलची (टीव्हीजवळच्या मधल्या, डायलॉगच्या स्पीकरची) लेव्हल २ ते ३ डीबीने (डेसिबल, आवाजाचं माप) वाढवा. माझ्या अनुभवात डायलॉगच्या तक्रारी बऱ्याच इथेच मिटतात. दिवसा मोठ्याने ऐकताना मात्र नाइट मोड बंद करा, नाहीतर पिक्चरचा सगळा जोर सपाट होतो आणि मग तुम्हाला पुन्हा वाटणार की स्पीकर कमजोर आहेत.

गाण्यांचं उलट आहे. गाणी जवळपास सगळी स्टिरिओ असतात, आणि लोक सगळे स्पीकर वाजावेत म्हणून ऑल चॅनेल स्टिरिओ, हॉल, स्टेडियम असले मोड लावून ठेवतात आणि मग म्हणतात गाण्यात जीव नाही. "स्टिरिओ" किंवा "डायरेक्ट" मोड लावा, मधोमध बसा आणि एखादं जुनं मोनो रेकॉर्डिंग लावा. मोनोमध्ये दोन्ही बाजूंना अगदी एकच आवाज असतो, म्हणजे गाणारा माणूस बरोबर दोन स्पीकरच्या मधे, टीव्हीच्या जागी उभा असल्यासारखा यायला हवा. तसा आला तर तुमचे फ्रंट स्पीकर आणि वायरिंग ठीक आहे असं धरायला हरकत नाही. नाही आला, आवाज पसरला किंवा डोक्याच्या आजूबाजूला फिरल्यासारखा झाला, तर पुढची पायरी तुमच्यासाठीच आहे.

दुसरं, वायरिंग (खर्च शून्य ते थोडा)

सिस्टीम बंद करून प्लग काढा, मगच मागे हात घाला.

सगळ्यात जास्त सापडणारा दोष म्हणजे एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी. स्पीकर वाजतो, जळत काही नाही, म्हणून कोणाला शंका येत नाही, पण एका स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघं मिळून बास खाऊन टाकतात, मधला आवाजही विस्कटतो. बासच नाही म्हणून लोक मोठे टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) घेतात आणि तीच उलटी वायर नव्या टॉवरला जोडतात. तपासायची सोपी पद्धत अशी, दोन्ही फ्रंट स्पीकर उचलून समोरासमोर चार-पाच इंचावर ठेवा, सबवूफर बंद करा, मोनो गाणं लावा, ऐका. मग सिस्टीम बंद करून फक्त एका स्पीकरच्या वायर उलट करा आणि परत ऐका. ज्यात बास भरलेला आला ते बरोबर. भिंतीवर ठोकलेले स्पीकर असतील आणि काढता येत नसतील तर वायर रिसीव्हरकडून सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, सेलचं प्लस वायरच्या प्लसला, वूफरचा (स्पीकरच्या पेटीतल्या बासवाल्या मोठ्या भागाचा) कोन बाहेर यायला हवा. टेकवून धरून ठेवू नका, नुसता स्पर्श पुरतो.

दुसरी शंका म्हणजे एक बाजू दबकी किंवा खरखरीत आहे त्याचं मूळ कुठे. इथे अदलाबदल करायची. रिसीव्हरच्या मागे डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायर एकमेकांच्या जागी लावा. दोष जागचा हलला, म्हणजे आधी डावा स्पीकर खराब वाजायचा आणि आता उजवा वाजतोय, तर दोष रिसीव्हरमध्ये किंवा सोर्समध्ये. दोष तिथेच राहिला तर स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. मग स्पीकरच्या बाजूने वायर बदलून बघा, तेवढ्यात उत्तर मिळतं. ही पाच मिनिटांची चाचणी न करता थेट नवी जोडी आणल्याचं मी बघितलंय आणि दोष होता रिसीव्हरच्या आउटपुटमध्ये.

वायरबद्दल दुकानात बरंच काही ऐकवलं जातं, माझं मत साधं आहे. घरातल्या अंतरांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक टू-कोर वायर पुरते, लांब मागच्या स्पीकरना किंवा ४ ओहमच्या स्पीकरना (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं, रेझिस्टन्सचं माप, स्पीकरच्या मागे लिहिलेलं असतं) अडीचची घ्या. १० मीटर लांबीला दीडच्या वायरचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स साधारण पाव ओहमच्या आत येतो, ८ ओहमच्या स्पीकरला तो जाणवत नाही. किटबरोबर येणारी दोऱ्यासारखी वायर मात्र त्याच लांबीला एक ओहमच्या पुढे जाऊ शकते, ती नक्की बदला. आणि घेताना विचारा की पूर्ण तांबं आहे की ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, मुलाम्याची वायर स्वस्त पडते पण रेझिस्टन्स जास्त आणि टोकं लवकर खराब होतात. कोकणात, मुंबईत, समुद्राच्या हवेत उघडी टोकं हिरवी-काळी पडतात, तेवढा तुकडा कापून नवीन टोक काढलं की कित्येकदा खरखर थांबते. टोकाचा एखादा तार बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकला तर रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जाऊन, म्हणजे स्वतःला वाचवायला, बंद होतो, आवाज वाढवल्यावर बंद होणाऱ्या सिस्टीममध्ये हे आधी बघा. ज्या स्पीकरच्या मागे चार टर्मिनल आहेत त्यांच्यामधली पत्र्याची पट्टी जागेवर आहे ना तेही बघा, घर बदलताना ती पडते आणि मग नुसता ट्वीटर (चढ्या आवाजाचा छोटा भाग) नाहीतर नुसता वूफर वाजतो.

तिसरं, जागा (खर्च शून्य, फक्त घरच्यांची परवानगी)

सेंटर स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला असतो, समोर सेट टॉप बॉक्स, रिमोट, गणपतीची छोटी मूर्ती. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा, पुढचा भाग मोकळा ठेवा, आणि गुडघ्याच्या उंचीवर असेल तर पुढून खाली रबरी बुशिंग लावून तोंड कानांकडे वर करा. कप्प्यात आत असलेला सेंटर पेटीसारखा घुमतो आणि पुरुषी आवाज भरड होतात. इथे एक चाचणी आहे जी मी प्रत्येक घरी करतो, रिसीव्हरच्या स्पीकर सेटअपमध्ये सेंटर "नाही" असं टाका, मग डायलॉग डाव्या-उजव्या स्पीकरमधून मधोमध येतात. तसे ते आधीपेक्षा स्वच्छ आले तर सेंटरची जागा तरी चुकलीय नाहीतर सेंटर फ्रंटच्या मानाने कमी पडतोय. काहीच फरक पडला नाही तर सेंटर बदलून उपयोग होणार नाही, पैसे वाचले.

फ्रंट स्पीकर आणि तुम्ही मिळून जवळपास समभुज त्रिकोण व्हायला हवा, ट्वीटर कानाच्या उंचीला. मागचे स्पीकर ५.१ मध्ये पाठीमागे नसतात, बाजूला आणि जरा मागे असतात, समोरच्या मध्यरेषेपासून साधारण ११० अंशांवर. मागे भोक असलेले स्पीकर भिंतीला चिकटवले की बास फुगतो, अर्धा-एक फूट पुढे घ्या, जागाच नसेल तर त्या भोकात स्पंज किंवा स्वच्छ मोजा गुंडाळून घाला, फुगवटा कमी होतो.

आता बास घुमण्याचं खरं कारण, आणि इथे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. आपल्या हॉलला चारही बाजूंनी विटा-काँक्रीटच्या भिंती, खाली व्हिट्रिफाइड टाइल, वर स्लॅब. बासच्या लहरी यात अडकतात. खोलीच्या लांबी-रुंदीत अर्धी लहर बरोबर बसते तिथली फ्रिक्वेन्सी खोली स्वतः वाढवते. १२ बाय १८ फुटांचा हॉल घेतला तर १२ फुटांच्या बाजूला ती साधारण ४७ हर्ट्झ आणि १८ फुटांच्या बाजूला साधारण ३१ हर्ट्झ येते. मग ४७ च्या आसपासचा प्रत्येक आवाज, तो कुठल्याही वाद्याचा असो, त्याच एका घुमण्यात मिसळतो. या लहरींचा दाब भिंतीपाशी सगळ्यात जास्त आणि खोलीच्या बरोबर मध्यावर सगळ्यात कमी असतो. म्हणजे सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर बास घुमणार, बरोबर मधोमध असेल तर गायब होणार, आणि हे कितीही महागाचा सबवूफर आणला तरी तसंच होणार. सोफा फूट-दीड फूट पुढे ओढून ऐका, फरक कळेल.

सबवूफरची जागा शोधायची पद्धत जरा विचित्र दिसते पण काम करते. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी सोफ्यावर ठेवा, चढत्या-उतरत्या बासची ओळ असलेलं गाणं लावा, आणि स्वतः भिंतीकडेने वाकून, रांगत ऐकत फिरा. जिथे प्रत्येक स्वर सारख्या जोराने ऐकू येतो तिथे सबवूफर ठेवा. कोपऱ्यात बास सगळ्यात जास्त मिळतो पण सगळ्यात सारखा बहुधा मिळत नाही.

आणि सबवूफर अजिबात वाजत नसेल तर घाबरू नका, त्याचा ऑटो स्टँडबाय बघा, कमी आवाजात ऐकताना तो झोपून जातो आणि उठत नाही. स्विच "ऑन" वर टाका किंवा सबवूफरचं व्हॉल्यूम जरा कमी करून रिसीव्हरमधून त्याची लेव्हल वाढवा, म्हणजे त्याला सिग्नल जास्त मिळतो.

चौथं, कॅलिब्रेशन

रिसीव्हरबरोबर आलेला छोटा माइक कितीतरी घरांत पिशवीतून बाहेरच निघालेला नसतो. डेनॉन आणि मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपाओ, ओंकियोत ॲक्यूईक्यू, नाव वेगळं पण काम एकच, प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि लेव्हल मोजून जुळवणं. पंखा बंद करा, एसी बंद करा, खिडक्या लावा, कुकरची शिट्टी व्हायची असेल तर होऊ द्या आणि मग सुरू करा. माइक कॅमेऱ्याच्या स्टँडवर कानाच्या उंचीला, हातात धरायचा नाही आणि सोफ्याच्या पाठीवर टेकवायचा नाही.

झाल्यावर दोन गोष्टी स्वतः बघा. एक, फ्रंट स्पीकर "लार्ज" दाखवत असतील तर "स्मॉल" करा आणि क्रॉसओव्हर (जिथून खालचा बास सबवूफरकडे जातो ती हद्द) ८० हर्ट्झ ठेवा, अगदी छोटे डबीसारखे सॅटेलाइट स्पीकर असतील तर १२० पर्यंत न्या. स्मॉल म्हणजे स्पीकर हलका आहे असं नाही, फक्त त्याखालचा बास सबवूफरकडे जातो आणि रिसीव्हरवरचा भार उतरतो. सबवूफरच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण तेव्हा पूर्ण वर फिरवून ठेवा, नाहीतर दोनदा गाळणी लागते आणि मधला बास हरवतो. दोन, सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवत असेल तर ते बदलू नका, सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला लागणारा उशीर त्यात धरलेला असतो.

पाचवं, खोलीतला प्रतिध्वनी (थोडा खर्च)

हॉलमध्ये उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. मागून "टर्रर्र" असा आवाज आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवतायत, आणि डायलॉगमधले स, श, त याच्यातच पुसले जातात. स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाड गालिचा किंवा दोन-तीन सतरंज्या एकावर एक, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट किंवा चुणीदार जाड पडदा. नेमका कुठे? एकाला भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, बसल्या जागेवरून आरशात स्पीकर दिसला की तीच जागा. हे सगळं चढे आवाज शोषतं, बासला यातलं काही अडवत नाही, आणि अंड्याचे ट्रे चिकटवून तर उपयोगाचं असं फारसं काही होत नाही, ते करू नका.

सहावं, स्पीकर खरंच गेलाय का

इथपर्यंत सगळं केलं आणि दोष त्याच स्पीकरमध्ये राहिला तर आता त्याची जाळी काढा. कोनच्या कडेची रिंग फोमची असेल तर आपल्या दमट हवेत काही वर्षांनी तिचा भुगा होतो, बोट लावलं तरी हातात येते. असा वूफर फडफडतो. चांगल्या जुन्या स्पीकरची फक्त रिंग बदलून मिळते, पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड भागात चौकशी केलीत तर असं काम करणारे सापडतात, आणि चांगला जुना स्पीकर असेल तर मी नव्या स्वस्त स्पीकरपेक्षा तेच करायला सांगतो.

कोन चारही बाजूंनी बोटांनी अगदी हलका, सारखा दाबा. आत घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) गेली किंवा सरकली. मल्टिमीटर असेल तर वायर सोडवून ओहम बघा, ८ ओहमचा स्पीकर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा साधारण ३ ते ३.५. पण एक लक्षात घ्या, ट्वीटरच्या आधी कपॅसिटर असतो, तो मीटरचा करंट ट्वीटरपर्यंत जाऊ देत नाही, त्यामुळे टर्मिनलवर येणारं हे रीडिंग वूफरचं असतं, ट्वीटर जळलेला असला तरी मीटर ठीकच दाखवेल. ट्वीटरसाठी कानच वापरा, हळू आवाजात ट्वीटरजवळ कान न्या, झांजेचा, टाळांचा आवाज येतोय का बघा. ट्वीटर जळतात ते बहुतेक वेळा छोटा ॲम्प्लिफायर पार टोकाला नेऊन वाजवल्यामुळे, म्हणून ट्वीटर गेलेला असेल तर रिसीव्हर तुमच्या खोलीला पुरतोय का हेही बघावं लागेल.

आता काय घ्यायचं

आधी बघा तुमच्याकडे काय आहे. डीव्हीडी प्लेयर आणि सगळं एकाच डब्यात असलेलं जुनं किट असेल तर त्याचे एक-दोन स्पीकर बदलायच्या फंदात पडू नका. त्या स्पीकरच्या मागे बऱ्याचदा ३ ओहम लिहिलेलं असतं, डब्यातला ॲम्प्लिफायर त्याच स्पीकरसाठी ट्यून केलेला असतो, सबवूफरही त्याच डब्यातून चालतो. त्याला ८ ओहमचे स्पीकर लावले तर आवाज कमी मिळणार, आणि ते ३ ओहमवाले नव्या रिसीव्हरला लावले तर रिसीव्हर तापून बंद पडू शकतो किंवा जाऊ शकतो. तिथे अपग्रेड म्हणजे रिसीव्हर आणि एक चांगली फ्रंट जोडी, बाकीचं नंतर एकेक.

वेगळा रिसीव्हर असेल तर लक्षणाप्रमाणे घ्या. सेंटर बंद केल्यावर डायलॉग सुधारले असतील आणि जागा बदलूनही फरक नसेल तर सेंटर, पण तो फ्रंट स्पीकरच्याच कंपनीच्या त्याच सिरीजचा, नाहीतर माणूस पडद्यावर चालत गेला की त्याचा आवाज बदलतो. मधे ट्वीटर आणि दोन बाजूंना दोन वूफर अशा आडव्या सेंटरमध्ये अगदी कडेला बसणाऱ्यांना आवाज दबका येतो, घरात पाच-सहा जण ओळीने बसत असतील तर ट्वीटरच्या खाली वेगळा मिडरेंज (मधल्या सुरांचा भाग) असलेला घ्या. गाणी जास्त ऐकत असाल तर बजेटचा मोठा हिस्सा फ्रंट जोडीत घाला, मागच्या स्पीकरवर सगळ्यात कमी, पिक्चरमध्येही त्यांना काम कमीच असतं. लहान हॉलला टॉवरपेक्षा चांगले बुकशेल्फ (शेल्फवर किंवा स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर) आणि एक चांगला सबवूफर मला कधीही जास्त पटतात, कारण सबवूफर बाससाठी योग्य जागी नेता येतो, टॉवरचा वूफर जिथे टॉवर तिथेच राहतो. बास घुमत असेल तर मोठा सबवूफर उत्तर नाही, आहे तसाच दुसरा छोटा सबवूफर वेगळ्या जागी ठेवला तर खोलीतले चढउतार बऱ्यापैकी सारखे होतात.

बॉक्सवरच्या वॅटवर जाऊ नका, पीएमपीओ (जाहिरातीसाठी फुगवलेला वॅटचा आकडा) लिहिलेलं असेल तर तो आकडा वाचायचाच नाही. बघायची ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो ते. ८४ डीबीच्या स्पीकरला ९० डीबीच्या स्पीकरइतका आवाज काढायला चौपट पॉवर लागते, म्हणजे एकाला ५० वॅट पुरतात तिथे दुसऱ्याला २००. मधल्या रेंजच्या रिसीव्हरवर छापलेली पॉवर एक-दोन चॅनेल वाजवून मोजलेली असते, पाचही वाजले की ती उतरते. त्यामुळे अशा रिसीव्हरला ८७-८८ डीबीच्या वरचे आणि ६ किंवा ८ ओहमचे स्पीकर द्या, ४ ओहम घ्यायचे तर रिसीव्हरच्या मागे ४ ओहम चालतं असं लिहिलेलं असू दे.

कुठे थांबायचं

सगळ्या स्पीकर वायर सोडवून रिसीव्हर चालू केला आणि तरी तो प्रोटेक्शनमध्ये जातो, तर दोष आत आहे, सर्व्हिस सेंटरला न्या. जळका वास आला, धूर आला, किंवा काहीही वाजत नसताना वूफरचा कोन एका बाजूला ढकलून राहिला, तर लगेच प्लग काढा आणि पुन्हा लावूनसुद्धा बघू नका. झाकण स्वतः उघडू नका, आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतात आणि जोरदार झटका देतात. रिसीव्हरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ऑडिओवाला नाही, इलेक्ट्रिशियन बोलवा आणि अर्थिंग तपासून घ्या. हमिंगचा आवाज घालवायला तीन पिनच्या प्लगची अर्थ पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर तो कधीही ऐकू नका, जीवाशी खेळ आहे. आधी केबल टीव्हीची वायर काढून बघा, हमिंग थांबलं तर त्या वायरला आयसोलेटर लागतो, बस. जड स्पीकर पोकळ ब्लॉकच्या भिंतीवर किंवा पीओपीच्या फॉल्स सीलिंगला टांगायचे असतील तर योग्य अँकर लावणारा माणूस बोलवा. आणि वेगळी थिएटर रूमच करायची असेल तर फॉल्स सीलिंग आणि वायरिंग होण्याआधी अकूस्टिक्सच्या माणसाला नकाशा दाखवा, नंतर दाखवून फोडाफोडीशिवाय तो फार काही करू शकत नाही.

घ्यायची वेळ येईल तेव्हा दुकानातल्या डेमो रूमवर निर्णय घेऊ नका, तिथला गालिचा आणि भिंती तुमच्या नाहीत. घरी आणून ऐकू देणारा किंवा परत घेणारा विक्रेता शोधा, दोनशे-पाचशे जास्त गेले तरी चालतील. ऐकताना जुने आणि नवे एकाच लेव्हलला लावून ऐका, नुसता मोठा आवाजसुद्धा कानाला चांगलाच वाटतो आणि तिथेच फसायला होतं, फोनवरचं साउंड मीटर ॲप त्या तुलनेपुरतं चालतं. आणि नवे स्पीकर आले की माइक लावून कॅलिब्रेशन परत करा, जुनं सेटिंग जुन्या स्पीकरचं आहे.